आईंच्या उशाशी बेल
रायपूरला तात्यापाऱ्यात आमचं घर. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताची बोटं तर संधिवातानं आधीच आखडलेली. आवाजही क्षीण झालेला. म्हणून आम्ही त्यांच्या उशाशी बेलचं बटण बसवलं आणि निर्धास्त झालो. आठव्याच रात्री त्या एकट्या उठल्या आणि पडल्या.

"आई, बेल का नाही वाजवलीत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"अगं, दाबलंच जात नाही ते बटण," त्या हळूच म्हणाल्या. आठ दिवस त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आम्हीही विचारलं नव्हतं!

त्या रात्रीपासून मी त्यांच्या खोलीत झोपू लागले. आमच्या चिरंजीवांना इलेक्ट्रॉनिक्सचा भारी नाद. "नुसतं बोट लावलं की वाजेल अशी बेल करतो," म्हणून त्यानं कंबर कसली. 1972 साली बाजारात आलेली आणि आजही काही रुपयांत मिळणारी 555 ही आठ पायांची चिप त्यानं आणली. तिच्या दोन नंबरच्या पायाला तार आणि तारेच्या टोकाला पत्र्याचा तुकडा जोडला. बोट लागलं की बेल पाच सेकंद वाजायची. घरभर कौतुक झालं.

मग एका रात्री वळवाच्या पावसात वीज गेली आणि बेल मुकी झाली. बॅटरीवरची बेल वीज गेल्यावर बंद कशी पडली? त्यानं पुस्तकं धुंडाळली तेव्हा उलगडा झाला. भिंतीतल्या वायरिंगमुळे 50 हर्ट्झची अगदी सूक्ष्म लहर आपल्या अंगातही उमटत असते. बोट लागताच चिप तीच ओळखत होती. घरातली वीज गेली, तशी लहरही गेली. म्हणजे काळोखात, जेव्हा खरी गरज, तेव्हाच ही बेल दगा देणार!

दुसऱ्या खेपेला त्यानं दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या. बोट दोन्हींना टेकलं की कातडीतून किंचित प्रवाह जातो आणि बीसी 547 जातीचे दोन ट्रान्झिस्टर तो वाढवतात. चिरंजीवांचं घामेजलेलं बोट लागताच बेल खणखणली. पण मे महिन्यातल्या रायपूरच्या कोरड्या उन्हात आईंचं सुकलेलं बोट हलकेच टेकलं, तर काहीच नाही. पावसाळ्यात याच्या उलट. पट्ट्यांवर दमटपणा साचून ती आपली आपणच वाजायची. कामवाली बाई धावत यायची, "दाई, घंटी बाजत हे!"

शेवटी त्यानं टीटीपी 223 नावाच्या चिपची तयार छोटी पट्टी आणली. बोट जवळ आलं की कपॅसिटन्समध्ये जो बारीकसा फरक पडतो, तो ही ओळखते. पातळ प्लॅस्टिकच्या आडूनसुद्धा. त्यामुळे कातडी कोरडी असली तरी अडत नाही आणि घरातल्या विजेशीही तिचा संबंध नाही. ही चिप 2 ते 5.5 व्होल्टवर चालते. तो चार सेल लावणार होता, पण त्यांचे 6 व्होल्ट होतात. म्हणून तीनच लावले. चिपचा प्रवाह फार थोडा, तेव्हा बझरसाठी मध्ये एक ट्रान्झिस्टर घातला. सेल बदलून बेल चालू करताना पट्टीवर बोट ठेवायचं नाही, कारण तेव्हा ती 'बोट नाही' ही स्थिती लक्षात घेत असते. आणि मी एक अट घातली होती : घरातल्या विजेची तार या डबीत मुळीच यायची नाही.

पट्टी साबणाच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवली. वरून मी माझी एक मोठी टिकली लावली, अंधारातही बोटाला जागा कळावी म्हणून. या वेळी चिरंजीवांनी स्वतः बोट लावून पाहिलं नाही. डबी आजीपुढे धरून म्हणाला, "आजी, आधी तू लाव."

आईंचं वाकडं बोट टिकलीवर टेकलं आणि बेल वाजली. त्यांनी बोट उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा वाजली.

आता मी माझ्या खोलीत झोपते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. कधी पाणी हवं असतं, कधी नुसतं पांघरूण सरकलेलं असतं. परवा गेले तर म्हणाल्या, "काही नाही गं, वाजते का बघत होते." मी हसले आणि तिथेच थोडा वेळ बसले.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर महागडी वस्तू आणण्याआधी एवढं करा. ज्या बोटासाठी ते बटण आहे, तेच बोट आधी त्यावर टेकवून बघा. आणि ते दाबता येतं का, हे त्यांना विचारा. ती माणसं आपण होऊन सांगत नाहीत.