बहुमताने ठरवलेली तारीख

एम.ए.च्या लघुप्रबंधात शिवाजी महाराजांची जन्मतारीख मी मतमोजणी करून ठरवली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ग्रंथालयात हाती लागलेल्या बहुतेक पुस्तकांत १६२७ होतं, थोड्यांत १६३०. बहुमत १६२७ ला. ती सगळी पुस्तकं तळटिपेत ओळीने लावली आणि तिची लांबी बघून स्वतःवरच खूश झालो.

मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "यातल्या कुणाला ही तारीख स्वतंत्रपणे कळली?" शोधायला बसलो, तर एकाने दुसऱ्यावरून घेतलेलं, दुसऱ्याने तिसऱ्यावरून, आणि तळाशी उरल्या उत्तरकालीन बखरी. एकाच वहीवरून गृहपाठ उतरवलेल्या अख्ख्या वर्गाला मी साक्षीदार समजलो होतो. १६३० च्या बाजूला मात्र कारीच्या जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची वही, होती, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेली. तंजावरला मिळालेलं परमानंदांचं 'शिवभारत' होतं. राजस्थानात सापडलेली कुंडली होती. तीन दिशांना मिळालेले कागद, आणि तिथी एकच: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे सन १६३०.

दुरुस्ती करताना दुसरी चूक केली. शकावली न उघडताच तिचा पृष्ठक्रमांक दिला, एका ग्रंथाच्या तळटिपेतून उचलून. तिथे तो चुकीचा छापला होता, तसाच माझ्याकडे आला. मॅडमनी मूळ प्रत पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "दाखव."

मग अतिउत्साह. उशिराचं ते खोटं, जवळच्या काळातलं ते खरं, असा सोपा नियमच करून टाकला. बखरकार मल्हार रामराव चिटणीस एकोणिसाव्या शतकातले म्हणून मोडीत काढले. सभासदाच्या बखरीतलं सगळं मान्य. सभासद महाराजांच्या पदरी होता हे खरं. पण बखर त्याने लिहिली महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला बसून. घटनांचा क्रम तो मध्येमध्ये चुकवतो. चिटणीसांच्या घरात जुने कागद होते, त्यामुळे त्यांच्याही बखरीत पडताळून घ्यावं असं काही सापडतं. वाक्यागणिक तपासायचं काम मी लेखकागणिक उरकलं होतं.

आता विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना मी प्रत्येक तळटिपेपाशी एवढंच विचारतो: याला हे कळलं कुठून? स्वतःची एक खोड मात्र गेलेली नाही. माझ्या मताविरुद्ध जाणारा कागद मी उलटसुलट तपासतो. बाजूने बोलणारा मिळाला की लगेच टिपून घेतो.