मुक्या जनावराची शिफारस

मला लहानपणापासून घोड्यांची फार माया आहे. आमच्या पनवेलमध्ये लग्नसराईत नवरदेव घोड्यावर बसून निघतो, तेव्हा सगळे लोक नवरदेवाकडे पाहतात. मी मात्र घोड्याकडे पाहते. त्याला पाणी मिळाले असेल का? बँडच्या आवाजाने तो घाबरला नसेल ना? घोडा आपले दुःख कोणाला सांगू शकत नाही. म्हणून मराठीत अशा जनावराला 'मुके' म्हणतात आणि उर्दूत 'बेजबान' म्हणतात. लगाम, जीन, नाल, चाबूक हे शब्द तर दोन्ही भाषांचे आहेत.

पनवेलहून माथेरान फार दूर नाही. तेथे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवावी लागते. तेथून काही लोक पायी जातात, तर काही घोड्यावर बसतात. एकदा मी नववीच्या वर्गाची सहल घेऊन तेथे गेले होते. एक विद्यार्थी एका तपकिरी तट्टूजवळ गेला आणि म्हणाला, "चाचा, मला याच्यावर बसायचे आहे."

घोडेवाले चाचा म्हणाले, "आज नाही, बेटा. बादलच्या पाठीला जखम झाली आहे. खोगीर घातले तर ती वाढेल."

"मग आज तुमची कमाई?" मुलाने विचारले.

चाचा हसले. "तो बरा झाला, तर उद्याची कमाई होईल. त्याच्या पाठीवर माझे घर चालते."

मुले बराच वेळ बादलच्या मानेवरून हात फिरवत राहिली. कोणीही दुसरा घोडा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना आणखी एका घोड्याची हकिगत सांगितली. पहिले महायुद्ध 1918 मध्ये संपले. त्यानंतर ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे इजिप्तमध्ये विकले गेले. ते कैरोच्या रस्त्यांवर गाड्या ओढू लागले. 1930 मध्ये डोरोथी ब्रुक नावाच्या बाई तेथे आल्या. म्हातारे, लंगडणारे, हाडे दिसणारे घोडे पाहून त्यांना फार वाईट वाटले. त्यांतला एक घोडा त्यांनी विकत घेतला. त्याचे नाव ओल्ड बिल. तो इतका खंगलेला होता, की त्याला दुःखातून शांतपणे मुक्त करणे एवढेच त्यांच्या हाती होते.

पण ओल्ड बिलमुळे मोठे काम उभे राहिले. 1931 मध्ये ब्रुकबाईंनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात पत्र लिहून मदत मागितली. लोकांनी भरभरून पैसे पाठवले. त्यांतून सुमारे 5000 घोडे सोडवले गेले. 1934 मध्ये कैरोत जनावरांसाठी मोफत दवाखाना सुरू झाला. त्या संस्थेचे काम आज भारतातही चालते.

ब्रुकबाईंची एक गोष्ट मला विशेष आवडते. घोड्यांचे मालक स्वतःच किती गरीब आहेत, हे त्यांनी ओळखले होते. गरीब माणसाचे जनावर नुसते काढून घेतले, तर त्याच्या घरची चूल विझेल. जनावरावर मोफत उपचार झाले, तर दोघेही जगतील.

आपल्या जवळही असे काम फार पूर्वी सुरू झाले. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. ते एकोणिसाव्या शतकात पारशी दानशूरांच्या मदतीने उभे राहिले. मुंबईत 1874 पासून 1905 पर्यंत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्या काळात शहराचा भार घोड्यांच्याच पायांवर होता.

ही हकिगत ऐकून मुलांनी वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवला. एका मुलीने त्यावर बादलचे चित्र काढून चिकटवले. चित्र फार चांगले नव्हते. कान जरा जास्तच लांब झाले होते. तरी येणारा-जाणारा थांबून विचारी, "हा कोण?" मुले त्याची गोष्ट सांगत आणि डब्यात एखादे नाणे पडे. मी एखादे भाषण केले असते, तर एवढा उपयोग झाला नसता. वर्षाच्या शेवटी आम्ही ती रक्कम जनावरांच्या एका दवाखान्याला दिली. रक्कम लहान होती, पण पावतीवर देणाऱ्याचे काय नाव लिहायचे यावरून वर्गात बराच वाद झाला. शेवटी सर्वांनी मिळून ठरवले, 'बादल आणि नववीचा वर्ग'.