डोलकाठीवरच्या दिव्याची तार

सूर्यास्तानंतर मांडव्याहून मुंबईकडे परतणारी लहान शिडाची नौका कोणत्या दिशेने चालली आहे, हे समोरून येणाऱ्या जहाजावरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांना सांगतो तो तिच्या डोलकाठीच्या शेंड्यावरचा दिवा. २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या शिडाच्या नौकेस उजवीकडे हिरवा, डावीकडे तांबडा आणि मागे पांढरा असे तिन्ही प्रकाश एकाच कंदिलातून दाखविण्याची मुभा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी दिली आहे. पहिल्या दोहोंचा आवाका प्रत्येकी ११२.५ अंशांचा आणि मागच्याचा १३५ अंशांचा मुकर्रर केलेला आहे. एवढ्या काटेकोर कायद्याचा सारा भार डोलकाठीच्या पोकळीतून वर गेलेल्या दोन तारांवर असतो, आणि त्या तारांची निगा राखणे हा माझा व्यवसाय आहे.

पावसाळाभर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या नौका दिवाळीच्या सुमारास पाण्यात उतरू लागल्या, की वरचा दिवा मंद झाल्याच्या तक्रारी येऊ लागतात. मालकाचा संशय बहुधा बल्बावर असतो आणि कोणास तरी वर चढविण्याची तजवीजही झालेली असते. मी मात्र प्रथम डोलकाठीच्या बुडाशी बसतो, कारण वरची तार आणि नौकेच्या पोटातील तार यांचा सांधा तेथे असतो, आणि डेकवर येणारे खारे पाणी अखेरीस तेथेच मुरते.

हा सांधा मीटरलाही फसवितो. बल्ब काढून वरच्या टोकाशी दाब मोजला तर काटा निमूटपणे १२ व्होल्ट दाखवितो, कारण प्रवाहच वाहत नसल्यामुळे गंजलेल्या सांध्याचा विरोध प्रकट होण्यास अवसर मिळत नाही. २५ वॅटचा बल्ब पेटला, की सुमारे दोन अँपिअर प्रवाह वाहू लागतो, आणि तेव्हा सांध्यातील अवघा एक ओहम विरोध पावणेदोन व्होल्ट गिळून टाकतो. बल्बाचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने उतरत असल्यामुळे जवळजवळ चाळीस टक्के उजेड वाटेतच हरपतो. म्हणून तपासणी नेहमी दिवा पेटता ठेवून करावी, आणि मीटरची टोके सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवून पाहावे: तेथे जेवढे व्होल्ट दिसतील तेवढीच चोरी त्या ठिकाणी होत आहे, असे खुशाल समजावे.

सांधा उकलून आवरण सोलले, की कलई नसलेल्या तांब्याच्या बारीक शिरा टोकाशी हिरव्या आणि आत काळ्या पडलेल्या आढळतात, कारण खारे पाणी शिरांमधील फटींतून वातीत तेल चढावे तसे आत चढत जाते. काळ्या तांब्यावर डाख धरत नाही. तेव्हा चकचकीत धातू लागेपर्यंत तार मागे कापावी, आणि ती अपुरी पडल्यास नवी, कलई केलेली तार घालण्यास हयगय करू नये. टोके नीट दाबून बसवावीत, त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी, आणि तारेस सांध्याच्या खाली झुकणारा एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता झोलाच्या तळाशी गळून पडते. शेंड्याशी तारेस स्वतंत्र आधार हवा. अन्यथा तिचे सगळे वजन दिव्यातील इवल्याशा स्क्रूंवर लटकते, आणि नौकेच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी ते सैल होत जातात.

एलईडीमुळे प्रवाह पुष्कळ घटला, म्हणून सांध्यांची उपेक्षा क्षम्य ठरत नाही. गंज वाढतच राहतो आणि एके रात्री मार्ग समूळ तुटतो. शिवाय जुन्या कंदिलात भलताच एलईडी बल्ब बसविला, तर रंगांच्या सीमारेषा सरकण्याचा संभव असतो, आणि स्वस्त एलईडीचा खरखराट व्हीएचएफवर ऐकू येतो.

दुरुस्तीनंतर माझी खातरजमा मीटरवर संपत नाही. अंधार पडल्यावर होडीतून नौकेभोवती दूरवरून एक फेरी घालावी, आणि तांबडा, हिरवा व पांढरा आपापल्या हद्दीत स्वच्छ उजळतात की नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तो दिवा समोरच्या जहाजासाठी असतो. त्याची अखेरची परीक्षाही त्याच जागेवरून व्हावयास हवी.