शंका असेल तर विचारा

धडा संपला की आम्ही शिक्षक एक ठरलेलं वाक्य टाकतो, 'कुणाला काही शंका असेल तर विचारा.' आमंत्रण सगळ्या वर्गाला असतं, पाहुणे मात्र ठरलेले. चार-पाच हात वर होतात आणि ते बहुतेक त्याच घरांतले असतात, जिथे सुट्टीत कुठे जायचं हे ठरवताना पोरांचंही मत घेतात. बाकीची मुलं खाली बघत वहीच्या कडेला रेघोट्या ओढतात. त्यांना सगळं कळलेलं असतं म्हणून नव्हे. सकाळी दप्तर पाठीला लावताना आईने बजावलेलं असतं, 'बाईंना त्रास देऊ नको, गप बसून नीट ऐक.' ती आईचं ऐकतात.

मग शिक्षकखोलीत चहा पिताना आम्ही या दोन्ही प्रकारांना नावं देतो. हात वर करणारा 'चुणचुणीत', खाली बघणारा 'लक्षच नसतं हो त्याचं'. बुद्धी मोजल्याचा आव असतो, पण खरं तर मोठ्या माणसाशी बोलण्याची सवय किती आहे तेवढंच आपण मोजलेलं असतं.

पालकसभेत हे अगदी उघड दिसतं. एक आई येते ती उत्तरपत्रिका हातात घेऊनच. 'बाई, चौथ्या प्रश्नाला पद्धत बरोबर आहे, अर्धा मार्क मिळायला हवा ना? आणि त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, जरा पुढच्या बाकावर बसवाल?' दोन्ही मागण्या रास्त असतात, दोन्ही मान्य होतात. दुसरी आई धुण्याभांड्याच्या दोन घरांत सांगून, अर्ध्या तासापुरती आलेली. ती दारातच उभी राहते. खुर्ची पुढे केली तरी, 'नको, बरी आहे.' आणि मग ते वाक्य, जे मी इतक्यांदा ऐकलंय, 'तुम्हीच बघा बाई. नाही ऐकलं तर दोन धपाटे घाला, आमची काही तक्रार नाही.' शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे हे तिला सांगावं लागतं. तिच्या पोराचाही नंबर वाढलेला असू शकतो, पण ते बोलायचं असतं हेच तिला ठाऊक नसतं. आम्हीही विचारत नाही.

अमेरिकेतल्या जेसिका कॅलार्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका प्राथमिक शाळेतल्या वर्गांत बराच काळ बसून नेमकं हेच टिपलं. त्यांचं पुस्तक 2018 मध्ये आलं. मध्यमवर्गीय आईबाप मुलांना शिकवतात, अडलं की मदत माग, नाही मिळाली तर पुन्हा माग. कामगार आईबाप शिकवतात, सबबी सांगू नको, तुझं तू निस्तर. आणि शिक्षक, कुणाचं वाईट चिंतत नसूनही, मागणाऱ्याला देत जातात. वाचताना देश परका वाटत नाही.

आपल्याकडे यात तुकड्यांची भर. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत पाचवीच्या मार्कांवरून तुकड्या पाडायचे. कागदावर सगळं स्वच्छ. गुणवत्ता, दुसरं काही नाही. पण चौथीपर्यंत घरी कुणी पाढे म्हणून घेतले आणि कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळावं लागलं, त्याची वाटणीही त्याच यादीत व्हायची. एकच शिक्षक, एकाच आठवड्यात, एकच धडा. 'अ'मध्ये विचारणार, 'असं का झालं असेल?' आणि 'ड'मध्ये फळा भरून सांगणार, 'उतरवून घ्या.' दहावीपर्यंत 'ड'च्या मुलांना उतरवून घेणं छान जमायचं. मग आम्हीच म्हणायचो, यांना विचारच करता येत नाही.

जोतीराव फुल्यांना हे पुरतं उमगलं होतं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी होती, ती सगळ्यांना आठवते. पण त्यात शिक्षक कोण असावेत याबद्दलही त्यांनी लिहिलं होतं: शक्य तितके ते शेतकरीवर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना समजतील. शिक्षकाने मुलाकडे कुठल्या घरातून बघायचं, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला.

गरिबीला सोन्याचा मुलामा द्यायला मात्र मी तयार नाही. 'या मुलांकडे व्यवहारज्ञान असतं' असं म्हणून सुटका करून घेणं फार सोपं आहे. असतं खरं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुलं अमुक इतके बटाटे, तमुक इतके कांदे, नोटेतून किती परत, हे तोंडी बिनचूक सांगत होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडखळत होती. उलट शाळेतली मुलं बाजारी हिशेबात ढेपाळली. पण दोघांच्या अडखळण्याची किंमत सारखी नाही. भाजीवाल्याचा हिशेब न येणारा पुढे इंजिनिअर होतो. कागदावरचा भागाकार न येणारा नववीत गळतो.

सगळ्यांना एका बाकावर बसवण्याचा एक खरा प्रयत्न शिक्षणहक्क कायद्याने केला. खासगी शाळांत पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने नियम बदलून, किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. या जागांना विरोध करणाऱ्या पालकांची भीती अशी की 'आमच्या मुलांना त्यांच्या सवयी लागतील'. दिल्लीच्या उच्चभ्रू शाळांवर गौतम राव यांनी केलेला अभ्यास त्यांनी वाचावा. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, रिले शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी डावलू लागली. इंग्रजीचे मार्क किंचित घसरले. एवढी सवय लागली तर लागू दे.

पण बाक एक झाला म्हणून अपेक्षा एक होत नाहीत, त्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींत लपलेल्या असतात. सगळ्यात जास्त प्रकल्पांत. 'शिवकालीन किल्ला' असा प्रकल्प दिला की काही घरांतून रंगीत प्रिंट काढलेले, बुरुजांना वॉर्निश लावलेले किल्ले येतात. वडील सोबत, कारण पोराला ते उचलत नाही. वस्तीतला मुलगा जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा चेपलेला किल्ला आणतो आणि कोपऱ्यात ठेवून पळतो. हाच मुलगा दिवाळीत गल्लीतल्या पोरांकडून माती मळून घेतो, पोत्यांवर चिखल लिंपतो, गुहा कुठे, तळं कुठे, पाणी कुठून सोडायचं, अळीव कधी पेरलं की भाऊबीजेला हिरवं दिसेल, सगळं ठरवतो. मोठ्याने ओरडून हुकूम सोडतो. वर्गात त्याचा आवाज मी ऐकलेला नसतो.

गेल्या काही वर्षांपासून मी प्रकल्प वर्गातच करून घेते. सामान शाळेचं, वेळ कार्यानुभवाच्या तासाचा, आणि गटाचा मुख्य चिठ्ठी टाकून. शंकाही आता तोंडी मागत नाही. तास संपताना प्रत्येकाने चिटोऱ्यावर एक तरी लिहायचीच. सुरुवातीला 'शंका नाही' असं लिहून द्यायचे, आता चिटोऱ्याच्या दोन्ही बाजू भरतात आणि माझा मधल्या सुट्टीतला चहा थंड होतो. एका पालकांनी मात्र परवा तक्रार केली, की वर्गात केलेले प्रकल्प नीटनेटके होत नाहीत, घरी केला असता तर किती छान झाला असता. मी म्हटलं, झाला असता, पण मार्क तुम्हाला द्यावे लागले असते.