वाघमारे सरांचा एच-इंडेक्स किती?

मागच्या आठवड्यात नांदेडात एका प्राध्यापक मित्राकडे बसलो होतो. त्याच्या पदोन्नतीची फाईल चालू आहे. समोर लॅपटॉप, चेहरा पडलेला. "काय बघायलास?" म्हटलं. तर म्हणे, "माझा एच-इंडेक्स. तीन हाय फक्त." शुगरचा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 2005 साली हर्श नावाच्या अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. तुमच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिला, की तुमचा एच-इंडेक्स दहा. भौतिकशास्त्रासाठी ठीकच असेल. पण आपल्याकडे 2010 च्या यूजीसी नियमांनी लेखांना गुण लावले आणि गावोगाव आंतरराष्ट्रीय जर्नलं उगवली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. ती आवरायला 2018 मध्ये यूजीसीने केअर नावाची यादी आणली, तर तीत नाव असल्याचं भासवणारी बोगस जर्नलं निघाली. मित्रानेही एकदा असे पैसे भरलेत. कुठे ते लिहू नको म्हणाला, म्हणून लिहीत नाही.

मी सहज म्हटलं, "जनार्दन वाघमारे सरांचा बघ की."

तो हसला. "त्यांची महत्त्वाची पुस्तकं मराठीत. त्यांचा संदर्भ देणारेही मराठीत. ह्या यंत्राला मराठी पुस्तकातली तळटीप कुठं दिसती रे?"

नव्या पोरांसाठी सांगतो. वाघमारे सर म्हणजे 1994 ला स्थापन झालेल्या आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्याआधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य. 2008 ते 2014 राज्यसभेत. मूळ माणूस इंग्रजी साहित्याचा. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचं पुस्तक. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना ते मी ग्रंथालयातून आणलं होतं, पानं सुटलेली, कडेला तीन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलच्या खुणा. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची माझी पहिली ओळख तिथली. त्या पेन्सिलवाल्या तिघांची नोंद कुठल्या इंडेक्सात होणार?

पण मला खरं बोलायचंय ते लातूर पॅटर्नबद्दल. तो एकट्या माणसाने केला असं कुणी म्हणू नये. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, तिथले कितीतरी प्राध्यापक त्यात होते. तरी सुरुवातीच्या नावांत सरांचं नाव घेतलं जातंच. जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, चाचणीवर चाचणी, चुका दाखवून पुन्हा लिहून घ्यायचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या पोरांच्या मधे लातूरची नावं यायला लागली आणि अख्खा महाराष्ट्र विचारायला लागला की हे करतात तरी काय. यावर आधी शोधनिबंध निघाला नव्हता. प्रयोग झाला तो वर्गात, आणि पसरला एसटीने, पालकांच्या तोंडून.

आता ह्या प्रभावाचं माप कसं घेणार? डॉक्टर किती झाले ते क्लासवाले फ्लेक्सवर लावतातच. मी मात्र म्हणेन, मोजायचंच तर सगळं मोजा. कॉलेजात फीमध्ये मिळणारी शिकवणी पुढे लाखाच्या क्लासमध्ये गेली, तेही मोजा. 2024 च्या नीट पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला होता, तेही धरा. ह्याला वाघमारे सर जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही, उलट तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण एखादी कल्पना लोकांनी उचलली की ती कुठे कुठे गेली हे बघावंच लागतं. फक्त गोड तेवढं प्रभाव म्हणून दाखवायचं, हे त्या एच-इंडेक्सहूनही वाईट.

परवा लातूरला गेलो तेव्हा ट्यूशन एरियात एका मेसवाल्या मावशींकडे जेवलो. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, सगळीकडची पोरं डबा लावतात. मावशींकडे जाड वही आहे. महिन्याला एक पान, नाव, गाव, डबे. मी चाळायला मागितली.

जूनच्या पानावर नावं मावत नव्हती. दिवाळीनंतरच्या पानावर बरीच जागा मोकळी. म्हटलं, "मावशी, ही पोरं कुठं गेली?"

"काही खोली बदलतेत," त्या म्हणाल्या. "काही गावाकडं जातेत. झेपत न्हाई म्हणतेत. एक जालन्याकडलं पोरगं सांगितल्याबिगर गेलं. बापानं नंतर पैसे आणून दिले, पोराचं काय ते बोललाच न्हाई. मी बी विचारलं न्हाई."