रत्नागिरी : जुन्या भिंगांतून

रत्नागिरी हें शहर जितकें पायीं हिंडून पाहण्याचें, तितकेंच लांबून पाहण्याचें आहे. उत्तरेस मिऱ्याचा डोंगर, मध्यें समुद्रांत शिरलेला रत्नदुर्ग, दक्षिणेस काजळी नदीची भाट्याची खाडी आणि खाडीवरच्या उंच माळावर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा, अशीं हीं स्थळें एकमेकांकडे पाहत उभीं आहेत. एका ठिकाणीं उभें राहिलें म्हणजे दुसरें दिसतें. पण दिसतें तें इवलेंसें. दीपगृह म्हणजे एक पांढरी काडी, मचवा म्हणजे काळा ठिपका! साध्या कॅमेऱ्यानें किंवा खिशांतल्या मोबाईलनें चित्र काढावें, तर चौकट आकाशानें व पाण्यानेंच भरून जाते. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत रत्नागिरीस चार दिवस मुक्काम केला, तेव्हां लांब पल्ल्याचें भिंग, ज्यास टेलिफोटो लेन्स म्हणतात तें, मीं मुद्दाम बरोबर घेतलें होतें. आणि तें नवें नसून सुमारे साठ वर्षांपूर्वींचें होतें.

हें भिंग आमच्या थोरल्या काकांचें. जपानांतील असाही कंपनीनें केलेलें, ‘सुपर-टाकुमार’ नांवाचें, २०० मिलिमीटर नाभ्यंतराचें. ज्या फिल्मच्या कॅमेऱ्याबरोबर तें घरांत आलें तो केव्हांच निकामी झाला. भिंग मात्र कातडी डब्यांत फडताळाच्या वरच्या कप्प्यांत पडून होतें. दिवाळीच्या आवराआवरींत घरांतील तरुण मंडळींनीं तें भंगारांत काढण्याचें ठरविलें. ‘याला स्वतःहून फोकस करतां येत नाहीं, मग याचा उपयोग काय?’ असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. काकांचें शिक्षण रत्नागिरीस झालेलें. आतां वय पंचाऐशीच्या पुढें, जिना चढणेंही होत नाहीं. ‘एकदां मांडवीवरून दीपगृह घेऊन या, मग काय तें ठरवा,’ एवढेंच ते म्हणाले.

इतकें जुनें भिंग आजच्या डिजिटल कॅमेऱ्यास बसतें कसें, असें वाचक विचारतील. भिंगाची मागची कड आणि चित्र ग्रहण करणारी पाटी यांच्यांत ठराविक अंतर असावें लागतें. जुन्या कॅमेऱ्यांत मधोमध आरसा असे, म्हणून या आट्यांच्या भिंगांसाठीं तें अंतर सुमारे ४५.५ मिलिमीटर ठेवीत. हल्लींच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तें १६ ते २० मिलिमीटरच असतें. उरलेल्या अंतराइतकी जाड अशी धातूची पोकळ कडी, जिला अडॅप्टर म्हणतात ती, मध्यें बसविली कीं काम झालें. हिच्यांत कांच नाहीं, वीज नाहीं. अर्थात् कॅमेऱ्यास भिंगाचा पत्ताच लागत नाहीं. म्हणून भिंग नसतांही चित्र घेण्याची मुभा त्यास आधीं द्यावी लागते, भिंगावरील कळ ‘मॅन्युअल’कडे सारावी लागते, आणि हाताचा कंप सांवरणारी सोय कॅमेऱ्यांत असल्यास तिला २०० हा आंकडा सांगावा लागतो. माझ्या कॅमेऱ्याची पाटी जुन्या फिल्मच्या दोन-तृतीयांश रुंदीची आहे. त्यामुळें एक किलोमीटरवरील अवघ्या ११७ मीटर रुंदीचा देखावा तेवढा चौकटींत मावतो.

पहिल्या दिवशीं सूर्योदयानंतर मांडवीच्या किनाऱ्यावर गेलों. येथील वाळू काळी, म्हणून यास काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. सकाळीं सूर्य पाठीशीं असतो आणि समोर रत्नदुर्गाच्या टोकावरील दीपगृहावर कोंवळें ऊन पडतें. भिंगाचें कडें हळूहळू फिरवीत जावें, आणि धुक्यांतून गलबत पुढें यावें तसें दीपगृह पडद्यावर स्पष्ट झालें कीं थांबावें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कड्यावर अनंत अंतराची खूण असते. परंतु बाजारांत मिळणाऱ्या अडॅप्टरच्या कड्या पुष्कळदां केसभर पातळ असतात, आणि कडें शेवटपर्यंत फिरविल्यास भिंग त्या अनंताच्याही पलीकडे जाऊन चित्र पुसट होतें! म्हणून खुणेवर विसंबूं नये. पडद्यावर चित्राचा तुकडा मोठा करून डोळ्यांनींच निर्णय घ्यावा. दुसरें असें कीं, ऊन चढलें म्हणजे पाण्यावरची हवा थरथरूं लागते, आणि भिंग जसें दीपगृह मोठें करतें तशी ही थरथरही मोठी करतें. यास महागांतलें महाग भिंगही उपाय नव्हे. लवकर उठणें हाच उपाय.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं राजवाड्याकडे गेलों. १८८५ सालीं इंग्रजांनीं पदच्युत केलेला थिबा राजा पुढील वर्षीं रत्नागिरीस आणला गेला; हा वाडा १९१० सालीं पुरा झाला आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी, तिच्यावरचा पूल, भाट्याचें सुरूचें बन आणि खुला समुद्र एका नजरेंत येतात. लांब भिंगांतून मात्र मधलें अंतर नाहींसें होतें. पूल, होड्या आणि पलीकडची लाट एकमेकांस चिकटून उभीं राहतात. वस्तुतः हा भिंगाचा चमत्कार नव्हे. लांबून पाहणाऱ्या डोळ्यांसही तसेंच दिसतें. भिंग तेवढाच भाग कापून समोर ठेवतें इतकेंच. ज्या राजास समुद्र रोज दिसे पण ओलांडतां येत नसे, त्याच्या अंगणालगत उभें राहून हें मिटलेलें अंतर पाहतांना मन क्षणभर उदास झालें. सूर्य कलला म्हणजे जुन्या भिंगावर तिरपें ऊन पडून चित्र पांढुरकें होतें. तेव्हां हाताची सांवली धरावी. वर असलेल्या सूर्याकडे मात्र भिंग कधींही रोखूं नये. डोळा आणि पाटी दोहोंसही तें घातक आहे.

तिसरा दिवस रत्नदुर्गाचा. गडावरून खालीं मिरकरवाड्याचें मासेमारीचें बंदर दिसतें. होड्या परतल्या कीं ब्राह्मणी घारी आणि हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी त्यांच्यावर घिरट्या घालतात. उडत्या पक्ष्यामागें कडें फिरविणें व्यर्थ होय. दहा मीटरवर, भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें असतांना, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम हातभर जाडीचा असतो. म्हणून छिद्र थोडें लहान करावें, घार जेथून वारंवार जाते तें अंतर आधींच कड्यावर बसवावें, आणि ती तेथें येण्याची वाट पाहावी. चाळीस चित्रांत तीन साधलीं. पण त्या दोन तासांत घार वळण्यापूर्वीं शेपूट कशी तिरपी करते, तें मला प्रथमच दिसलें. नव्या भिंगानें चाळीसच्या चाळीस साधलीं असतीं, आणि बहुधा मी अर्ध्या तासांत खालीं उतरलों असतों.

दूरचें दृश्य टिपण्यास घाई चालत नाहीं याची मोठी साक्ष याच किनाऱ्यावर दक्षिणेस विजयदुर्गास आहे. तो आतां सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असला, तरी १९८१ पूर्वीं रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं सर नॉर्मन लॉकियर यांनीं तेथें तळ दिला, आणि ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यासाठीं समुद्रापारहून यंत्रें आणून तीं पक्क्या बैठकींवर रोवावयाचीं होतीं. किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ म्हणून आजही दाखवितात ते याच कामाचे. लॉकियरनीं १८६८ सालीं हेलियमचा शोध येथूनच लावला असें सांगितलें जातें, पण तें खरें नव्हे. त्या सालीं त्यांचें निरीक्षण इंग्लंडांतूनच झालें होतें. भिंग लहान असो कीं मोठें, आधीं बैठक पक्की हवी. माझ्या ३०० च्या तोडीच्या पल्ल्यास हातांत धरून सेकंदाच्या ३०० व्या भागाहून हळू चित्र घेऊं नये, अन्यथा तिपाई घ्यावी.

घरीं परतल्यावर दीपगृहाचें चित्र दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्यावर लावलें. काकांनीं खुर्ची पुढें ओढविली. दीपगृहाखालच्या खडकावर काठीचें टोंक ठेवून ते म्हणाले, ‘अभ्यासाला म्हणून आम्ही येथें येऊन बसत असूं; अभ्यास कांहीं होत नसे.’ हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. भंगाराची गोष्ट त्यानंतर निघाली नाहीं.

तथापि अशीं भिंगें जपलीं नाहींत तर आपोआपच मरतात. कोंकणच्या दमट हवेंत कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती वेळींच काढली तर कांच वाचते, नाहींतर वरचा लेप आणि पुढें कांचही खाल्ली जाते. कातडी डबा दिसण्यास सुरेख, पण ओल धरून ठेवतो. म्हणून भिंग त्यांतून काढून झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें, आणि महिन्यांतून एकदां बाहेर काढून वापरावें. आपल्या घरींही फडताळाच्या वरच्या कप्प्यांत असें एखादें भिंग असेल. तें भंगारांत जाण्यापूर्वीं मागून विजेरीचा झोत टाकून आंत पाहा. कांच स्वच्छ असली, तर एक साधी कडी आणून बसवा. आणि ज्यांनीं तें घेतलें त्यांना आधीं विचारा, कीं यांतून काय पाहावयाचें राहिलें आहे.