परत म्हटलेले वाक्य

केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रात्रभर ट्रकांची घरघर चालू असते. कधीकधी बऱ्याच उंचावरून नागपूरच्या दिशेने सरकणारा एखादा विमानाचा दिवाही दिसतो. मराठीच्या प्राध्यापकाने त्यात विशेष लक्ष घालावे असे काही नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत भाच्याने माझ्या संगणकावर विमान चालवण्याचा एक खेळ घालून दिला, आणि तेव्हापासून रात्रीचा पाऊण तास मी 'उडतो'. सहकाऱ्यांपुढे याची कबुली मी आजवर दिलेली नाही.

मला त्यात विमानापेक्षा बोलणे आवडले. आमच्या बाजूने नागपूरला जाऊन तिथल्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचे, तर सरळ विमानतळ गाठून चालत नाही. ३२ म्हणजे ३२० अंशांची दिशा. तेव्हा विमान आग्नेयेकडून यावे लागते. नियंत्रक रडारवर पाहत एकेक दिशा देत जातो. आधी ०५०, मग डावीकडे वळून ३५०. ही शेवटची दिशा धावपट्टीच्या रेषेशी तीस अंशांचा कोन करते. त्या कोनातून विमान आयएलएसच्या रेडिओ-रेषेवर येते आणि तीन अंशांच्या उतारावरून, सागरी मैलामागे सुमारे तीनशे फूट या हिशेबाने, खाली येऊ लागते. या हाताला धरून नेण्याला व्हेक्टरिंग म्हणतात. वैमानिकाने प्रत्येक सूचना ऐकल्यावर ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. आकडे सुटेसुटे उच्चारायचे: तीन, पाच, शून्य. अनेकार्थता हेच ज्याचे भांडवल अशा कवितेवर वीस वर्षे पोट भरलेल्या माणसाला एका शब्दाला एकच अर्थ असलेली ही भाषा भलतीच आकर्षक वाटली.

खेळातला नियंत्रक मात्र यंत्र आहे. तो मला पुष्कळदा वेळेवर खाली उतरवत नाही. उताराची रेषा खालून गाठायची असते. मी तिच्या कितीतरी वर राहतो, धावपट्टी पोटाखालून निघून जाते. तरी त्याची तक्रार नसते. त्याचे वाक्य मी परत म्हटले की त्याच्या लेखी सारे ठीक. म्हणूनच जगभरचे हौशी लोक व्हॅटसिमसारख्या जाळ्यावर जमतात. २००१ साली सुरू झालेल्या या जाळ्यावर नियंत्रकाच्या जागी स्वेच्छेने बसलेली जिवंत माणसे असतात. खेळ खरा वाटावा म्हणून पलीकडे माणूस हवा, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पटले होते. नंतर मी एका जुन्या अपघाताची हकिकत वाचली.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून निघालेले आव्हियान्का कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कच्या आकाशात तासाभराहून अधिक वेळ घिरट्या घालत थांबले होते. हवामान वाईट होते. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. आता टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या. कप्तान आपल्या सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगत होता की, आणीबाणी आहे असे त्यांना कळव. सहवैमानिकाने इंग्रजीत कळवले ते एवढेच, की आमचे इंधन संपत आले आहे. आणीबाणी हा शब्द त्यात नव्हता. नियंत्रकाने विमान पुन्हा रांगेत घेण्यासाठी दूर वळवले आणि इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना, असेही विचारले. उत्तर आले, चालेल बहुधा, वर आभारही. थोड्याच वेळात इंजिने बंद पडली. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ जण गेले.

पलीकडे माणूस होता. त्याने विचारलेही होते. पण एका भाषेतली हाक दुसऱ्या, अदबीच्या भाषेत जाताना विझली, आणि नियंत्रकाच्या कानी पडले ते एक सभ्य वाक्य.

हे वाचले त्या रात्री मी खेळ सुरू केला नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आठवत राहिला. तास संपल्यावर दाराशी थांबून तो म्हणाला होता, "सर, पुढील काही दिवस येणे जमेल असे वाटत नाही. घरी थोडी अडचण आहे." वर्गाबाहेर तो खास इकडच्या बोलीत बोलायचा, माझ्याशी बोलताना मात्र पुस्तकातली मराठी जुळवून आणायचा. मी विचारले, "परीक्षेपर्यंत येशील ना?" तो म्हणाला, "हो सर." मी म्हणालो, "बरं, नोट्स कुणाकडून तरी घेऊन ठेव." तेही त्याने मान डोलावत परत म्हटले, "नोट्स घेऊन ठेवतो, सर." आमचा संवाद नियमाप्रमाणे पूर्ण झाला. परीक्षेला तो आला नाही. कपाशी गेली होती, बैलजोडी विकली होती, हे मला महिन्यांनी इतर मुलांकडून कळले. यवतमाळ जिल्ह्यात राहून 'घरी थोडी अडचण' या शब्दांचा अर्थ मला शिकवण्याची गरज पडावी!

मुलांकडून नंबर मिळवून मी त्याला फोन केला. तो हैदराबादकडे कामाला लागला होता. मी विचारले, "कसा आहेस?"

"बरा आहे, सर."

इथे मी एरवी फोन ठेवला असता. त्याऐवजी मी म्हणालो, "तसं नाही रे. घरी आईजवळ सांगतोस तसं सांग."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो त्याच्या बोलीत बोलू लागला, आणि मी मध्ये काहीच म्हणालो नाही.